ओरखड्यातलं कुंकू

मित्रांनो, मी एका पांढऱ्या गाडीचं पुढचं डावं चाक आहे, पाच पावसाळे पाहिलेलं. मखमलाबादच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, झेंडूच्या क्रेटशेजारी माझा मुक्काम असतो. माझं अंग अलॉयचं. वितळलेला धातू साच्यात ओतून सिन्नरकडच्या एका कारखान्यात मला घडवलं. लोखंडी चाकापेक्षा मी दिसायला देखणं. पण कडेला घाव बसला, की तो लपत नाही.

माझ्या मालकीणबाई उज्वलाताई. पंचेचाळिशीत गाडी शिकल्या. दर गुरुवारी फुलांचे हार घेऊन स्वतः देवळाली कॅम्पला जातात. चावी देताना त्यांच्या यजमानांनी, नाथाभाऊंनी, एकच अट घातली होती, "गाडीला ओरखडा आला, की चावी माझ्या खिशात." एरवी ती देवघराशेजारच्या खिळ्याला असते.

आमचे टायर झिजले, म्हणून एका बुधवारी ताई दिंडोरी रोडवरच्या गॅरेजात गेल्या. तिथला फिटर संतोष मला खोलताना म्हणाला, "पाच वर्षांची गाडी, पण रिमा एकदम कोऱ्या ठेवल्यात, ताई." मला फार बरं वाटलं.

मग त्याने मला मशीनवर आडवं घातलं. टायर चढवायच्या लोखंडी दांड्याला प्लास्टिकची टोपी असते. त्या दिवशी ती फुटलेली होती, आणि बाहेर तीन गाड्या खोळंबल्या होत्या. दांडा घसरला आणि माझी कड चार बोटं सोलली गेली. संतोषने ते पाहिलं, अंगठ्याने पुसलं आणि मला तसंच गाडीला बसवलं.

नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही, हा ताईंचा नेम. गाडी जागची हलण्याआधीच त्यांनी चारही चाकांना ओलं कुंकू लावलं, नारळ वाढवला. नेमकं माझ्या घावावरूनच त्यांचं बोट फिरलं. खरखर लागली असणार. पण नामजप चालू होता, आणि जप पुरा होईतो त्या बोलत नाहीत. डोळे मिटून त्यांनी मला नमस्कार केला. जप संपेस्तोवर खरखर विसरूनही गेल्या.

घरी नाथाभाऊंना पहिलं मीच दिसलं.

"कुठं घासली?"

"मी नाही घासली."

"मंग काय, फुटपाथ चालत आला का?"

चावी त्यांच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, हार ओवून तयार. ताईंचा आवाज कधी चढत नाही. एवढंच म्हणाल्या, "अहो, चावी राहू द्या तुमच्याकडे. पण सकाळी मला गॅरेजात घेऊन चला."

सकाळी संतोष म्हणाला, "फुटपाथला लागल्यावरच असं होतं, ताई."

"ऐकलं?" नाथाभाऊ बायकोला म्हणाले.

ताई माझ्यापाशी खाली बसल्या. बाकीचं कुंकू वाऱ्याने केव्हाच उडालं होतं. घावाच्या खोबणीत मात्र ते लालभडक बसलं होतं.

"संतोषभाऊ, गाडी हलायच्या आधी मी इथंच कुंकू लावलं. नारळ फोडायला दगड तुम्हीच दिलात. तेव्हा घाव नव्हता, तर कुंकू त्याच्या आत कसं गेलं? आणि खोलताना तर रिमा कोऱ्या होत्या."

संतोषने घावावरून अंगठा फिरवला. "माझ्याच हातून झालं. टोपी फुटली होती. कालच सांगायला पाहिजे होतं."

"हो, कालच," ताई म्हणाल्या. "आणि मीही डोळे उघडून बघायला हवं होतं."

मला दुरुस्तीला ठेवून त्याने गाडीला स्टेपनी लावली. नाथाभाऊंनी खिशातून चावी काढली. "चल, कॅम्पला उशीर होईल. तूच चालव, मी बसतो बाजूला."

माझा घाव भरला, वर रंगही चढला. आता दर गुरुवारी निघताना ताई आधी माझ्या कडेवरून बोट फिरवतात, नीट बघून घेतात आणि मगच जप सुरू करतात.

मित्रांनो, दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू परत घेताना डोळे उघडे ठेवा. आणि तुमच्या हातून कुणाची वस्तू दुखावली, तर धनी दारातून जायच्या आत सांगा. माझी कड चार दिवसांत भरून आली. पण त्या बुधवारी देवघराशेजारचा खिळा रात्रभर रिकामा होता.