स्पीकरवरचं आडनाव

म्हशीचं दूध काढतानाचा फोटो, ऑर्कुटवर टाकायला.

स्वारगेटहून सासवडची सकाळची एसटी.

खुरपं हातात देतील, की नुसतं बघायचं?

कुलकर्णी.

पिठलं-भाकरी. सावली.

आता नीट सांगायचं तर: रविवारी बुद्धवंदना संपली आणि विहारातच, सतरंजीवर, युवक गटाची बैठक भरली. सहल सासवडच्या पुढे, एका शेतावर. रिसॉर्ट नको, खरंखुरं राबतं शेत हवं, हा मैत्री कांबळेचा हट्ट. मैत्री खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी गटातल्या पोरांना मुलाखतीत कसं बोलावं ते शिकवते. म्हणून फोन तिनेच लावला, आणि पोरांनी ऐकून शिकावं म्हणून स्पीकरवर.

शेतमालकीण नंदाबाई. मागे कोंबड्यांचा कलकलाट.

“या की. सकाळी भाजी तोडा, दुपारी जेवा. माजघरात पंगत बसंल सगळ्यांची. कोण बोलतंय म्हणायचं?”

“मैत्री.”

“पुढं?”

(इथे थोडी जागा कोरी.)

“कुलकर्णी.”

तिच्या टीम लीडचं आडनाव. तोंडात तेच आलं.

“बरं बरं. कांदा-लसूण चालतं न्हवं?”

“चालतं.”

फोन बंद झाला. 

प्रज्ञेश गटात तिच्याच वयाचा. त्याने तांब्या पुढे केला. “कुलकर्णीबाई, पाणी घेता? आमच्याकडचं चालतं ना?”

“प्रज्ञेश, गप,” विहाराची किल्ली सांभाळणारे कचरूकाका म्हणाले.

“मी फक्त विचारलं, काका. तिकडे माझं काय सांगायचं तेही ठरवू. जोशी कसं वाटतं? शोभेल ना मला?”

दोघंतिघं हसली. ते हसणं मैत्रीला तांब्यापेक्षा जास्त लागलं.

“पटकन निघून गेलं तोंडातून,” ती म्हणाली. कान तापले होते.

“ताई, आपण नको ना जाऊया,” अकरावीतली सृष्टी म्हणाली. हळू. रागाने नाही.

मैत्रीने पुन्हा नंबर लावला. बोट स्पीकर बंद करायला गेलं. तिने ते मागे घेतलं.

“नंदाबाई, मघाशी मीच बोलले. मैत्री कांबळे.”

“आन् कुलकर्णी कोण मग?”

“मीच. खोटं सांगितलं.”

“का वो?”

सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. मुलाखतीत असा प्रश्न आला तर काय म्हणायचं, हे तिने कधी शिकवलं नव्हतं.

“चुकलं.”

कोंबड्या. मग, “असू द्या. या तुम्ही. जेवायला तेवढं भाईर बसवू, आंब्याखाली. हवेशीर हाय.”

“बरं,” मैत्री म्हणाली. आणि ऑफिसातल्या सवयीने, त्याच गोड आवाजात, “थँक्यू हं.”

 प्रज्ञेशने तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला. कचरूकाका सतरंजीचं एक टोक गुंडाळू लागले, तसे सगळे उठले. मैत्री बसलेल्या जागेपाशी सतरंजी अडली.

“ऊठ,” काका म्हणाले. “दुसरं शेत बघू.”

ती उठली. सृष्टीने तिच्याकडे बघितलं नाही.

खराडीच्या कंपनीत रुजू होताना मैत्रीने ओळखपत्रावर फक्त पहिलं नाव छापून मागितलं होतं.