मी फिंटनच्या डोक्यावर होतो

मित्रांनो, मी एक जुना हेडगार्ड आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आत्मवृत्त ऐकायला बसलो आणि शिव्याशाप ऐकून उठलो, अशी तक्रार नंतर नको. मुष्टियुद्ध खेळणारे सराव करताना डोक्याला चामड्याचे जे जाड टोपरे बांधतात, ते म्हणजे मी. तळपायाची आग मस्तकात जाते असे तुम्ही म्हणता. मला तळपाय नाहीत. माझी आग मस्तकातच पेटते आणि तिथेच राहते.

माझा जन्म धारावीतल्या एका गाळ्यात झाला. मला शिवणारे लोक मराठी बोलत, म्हणून माझी भाषा ही. शिवून झाल्यावर कारागिराने माझ्या कपाळाच्या पट्टीवर मूठ आपटून पाहिली आणि तो खुशीत म्हणाला, "घे, आता कुणाचं डोकं फुटणार नाही." तो खोटे बोलला नाही. माझ्यामुळे कधीच कुणाचे डोके फुटले नाही. कवटीच्या आत काय होते, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितले नव्हते. ज्यांना ठाऊक होते, ते मूग गिळून बसले होते.

खोक्यात बसून मी आयर्लंडला गेलो, वेक्सफर्ड नावाच्या गावी. तिथे एका बाईने आपल्या मुलासाठी मला विकत घेतले. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, लाल केसांचा, हडकुळा. मी त्याला सैल होत होतो, पण तिने मला वाढत्या अंगाचा म्हणून घेतले होते. आया सगळीकडे सारख्याच असतात. त्या मुलाचे नाव फिंटन हॅल्पिन.

ती वर्षे सुखाची होती, हे कबूल करतो. फिंटनचा डावा हात विलक्षण चपळ होता. तालुक्याच्या स्पर्धा झाल्या, मग जिल्ह्याच्या, मग देशातल्या कुमारांच्या. प्रत्येक सामन्यात मी त्याच्या डोक्यावर होतो. जिंकला की तो मला काढून आईकडे भिरकावायचा आणि ती मला पदरात झेलल्यासारखी कोटात झेलायची. घरी नेऊन ती मला ओल्या फडक्याने पुसायची, खिडकीत वाळवायची. हौशी खेळाडूंची एक गोष्ट मला फार आवडे. तिथे ठोसा किती अचूक बसला याला मान होता, आणि मुलगा जरा डळमळला की पंच लगेच मध्ये पडत.

मग तो मोठ्यांच्या गटात गेला आणि सामन्यांतून मला काढून टाकले. नियमच तसा झाला होता. सरावापुरता मी राहिलो. माझ्याशिवाय तो मिडलवेट या वजनगटात देशाचा विजेता झाला. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत मात्र थोडक्यात हरला. त्या दिवशी तो बॅगेत तोंड घालून रडला. बॅगेत मी होतो. त्यानंतर काही महिन्यांतच तो व्यावसायिक झाला आणि आम्ही दोघे अमेरिकेला आलो.

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेपासून अर्ध्या तासावर, टायरच्या एका जुन्या दुकानात विन्स नावाच्या माणसाची जिम आहे. विन्स हाच फिंटनचा प्रशिक्षक आणि हाच त्याच्या लढती ठरवणारा. त्याने फिंटनला हिरवी चड्डी दिली, तिच्यावर आयर्लंडची खूण म्हणून तिपानी गवत छापले आणि 'वेक्सफर्डचा हातोडा' असे नाव ठेवले. ज्याची सारी करामत पायांत आणि नजरेत होती, त्याला हातोडा केले. लोकांना हातोडाच हवा असतो म्हणे. हॉटेलांच्या सभागृहांत लढती होऊ लागल्या. हिरव्या टोप्या घालून लोक यायचे, बिअर सांडायचे, ओरडायचे. फिंटन जिंकत गेला. एक लढत बरोबरीत सुटली, एक तो गुणांवर हरला, पुन्हा जिंकू लागला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली.

पण मित्रांनो, लढती वर्षातून चार-पाच. मार खाणे मात्र रोजचे. विन्सच्या जिममध्ये सराव म्हणजे युद्ध. फिंटनपेक्षा वजनाने भारी माणसे समोर उभी करायची आणि विन्सने बाहेरून ओरडायचे, "हेडगार्ड घातलाय ना त्याने? मग मार की जोरात!"

हे वाक्य ऐकले की मला वाटे, आपल्या शिवणी आपणच उसवाव्यात. अरे, मी कातडी वाचवतो! भुवई फाटू देत नाही, कान सुजू देत नाही. आत मेंदू हिंदकळतो त्याला मी काय करणार? बरणीला कितीही गोधड्या गुंडाळा आणि गदागदा हलवा, आतले लोणचे हलायचे ते हलतेच. पण मी आहे म्हणून ही माणसे जोरात मारत होती आणि मी आहे म्हणून तो उभा राहून खात होता. मी ढाल म्हणून जन्मलो आणि त्यांनी माझा परवाना केला.

त्या जिममध्ये आठवड्यातून दोनदा उपासना यायची. ती मूळची नागपूरची, फिजिओथेरपिस्ट. पिस्कॅटवेच्या एका क्लिनिकात तिची नोकरी होती आणि क्लिनिकच तिला खेळाडूंचे खांदे-गुडघे बघायला तिथे पाठवायचे. फिंटनचा खांदा चोळता चोळता ती त्याच्याशी गप्पा मारायची. तिच्याच लक्षात पहिल्यांदा आले. तो तिला विचारायचा, "तुझ्या मुलीचं नाव काय गं?" ती सांगायची, रोशनी. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. ट्यूबलाइट लागली की तो डोळे झाकायचा. ती विन्सला म्हणाली, तर विन्सने सांगितले, "आयरिश आहे. त्यांना ऊन-उजेड सोसत नाही." आणि सगळे हसले.

मग ती मोठी लढत ठरली. जिंकला तर पुढची लढत थेट विजेतेपदासाठी. लढतीला थोडेच दिवस उरले असताना, एका मंगळवारी, विन्सने एका आडदांड माणसाला रिंगमध्ये चढवले. फिंटन त्या वेळी वजन उतरवत होता. मिडलवेटच्या मापात बसायचे म्हणून पाणी तोडले होते, प्लास्टिकचा सूट घालून घाम काढला होता. असे वाळवलेले डोके ठोसा अजिबात सोसत नाही. उजव्या कानशिलावर एक दणका बसला. तो माझ्यावरच बसला, म्हणून किती मोठा होता ते मी सांगू शकतो. फिंटन कोसळला.

त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हते. उपासना रिंगमध्ये धावली. तिने माझा पट्टा सोडवला, मला काढून आपल्या बॅगेत कोंबले आणि त्याला कुशीवर वळवले. बऱ्याच वेळाने तो बोलला. म्हणाला, "आई हॉलमध्ये आली का?"

तो वेक्सफर्डला होता, मित्रांनो. पंधरा वर्षांचा होता.

आता त्या जिमची रीत ऐका. लढतीत कुणी बेशुद्ध पडला तर सरकारी मंडळ त्याला काही काळ खेळू देत नाही, त्याची तपासणी होते. पण सरावात पडला तर? तो पडलेलाच नसतो. विन्सने सगळ्यांकडे एकदा पाहिले. "जिममधलं जिममध्ये," तो म्हणाला. कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवला. कुणी दोरीवरच्या उड्या मारू लागले. एवढी दांडगी माणसे, पण एकाची जीभ उचलली नाही. बॅगेत पडल्या पडल्या मी ते पाहिले आणि तेव्हापासूनचा माझा राग अजून उतरलेला नाही.

उपासना विन्सला म्हणाली, आजच स्कॅन करा. विन्स म्हणाला, लढतीनंतर. ती फिंटनच्या मागे पार्किंगमध्ये गेली. तो गाडीला टेकून उभा होता, उन्हाकडे पाठ करून.

"तू तरी समजून घे," तो म्हणाला. "तू इथे कशावर राहतेस? व्हिसावर. मी कशावर राहतो? मी लढलो नाही तर माझा व्हिसा संपला. कुणाला सांगू नकोस, उपासना."

तो खरे बोलत होता.

मी तिच्या बॅगेतून तिच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर तिने मला ठेवले आणि नवऱ्याला, धम्मदीपला, सगळे सांगितले. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऐकून त्याने घास खाली ठेवला.

"तू कंप्लेंट केलीस तर विन्स क्लिनिकला फोन करेल," तो म्हणाला. "ते तुला फायर करतील, यार. तुझा व्हिसा त्यांच्यावर आहे. इतकी वर्षं घासलीस तू इथे."

"माहितीये."

"आणि तो स्वतःच नको म्हणतोय ना? अ‍ॅडल्ट आहे तो. त्याचं डिसिजन."

"मागच्या वर्षी तुझ्या छातीत दुखत होतं," उपासना म्हणाली. "तरी तू रिलीजचा कॉल अटेंड केलास. कॅमेरा ऑन होता. तू घामाने भिजला होतास. तुझ्या मॅनेजरने बघितलं आणि तो नेक्स्ट स्लाइडवर गेला. नंतर तू स्वतः ड्राइव्ह करत इमर्जन्सीत गेलास."

"ते झालं, सोड ना आता."

"मी नाही सोडलं. त्या माणसाला मी आजपर्यंत माफ केलेलं नाही, धम्मदीप. आणि आता तू मला सांगतोयस की मी तोच माणूस होऊ?"

रोशनी मधेच म्हणाली, "मॉम, इज ही गोइंग टू डाय?"

धम्मदीपने मला उचलले, उलटसुलट केले आणि विचारले, "हे घातलं असताना पण असं होतं?" चांगला शिकलेला माणूस, मित्रांनो! त्यालाही तेच वाटत होते. मी ओरडून 'हो' म्हणालो असतो, पण टोपऱ्याला तोंड नसते.

"होतं," उपासना म्हणाली. "हे घातलं म्हणूनच जास्त होतं."

त्या क्षणी मला कळले की या जगात एक तरी माणूस मला ओळखतो.

लढतीच्या आदल्या दिवशी हॉटेलात वजने झाली. उपासना मला परत देण्याच्या निमित्ताने आली होती. फिंटन काट्यावर उभा राहिला. ओठ फुटलेले, गाल बसलेले. वजन मापात बसले, विन्सने मूठ उंचावली, कॅमेरे लखलखले आणि फिंटनने डोळे मिटले. मग पडद्याआड मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासले. नाडी, डोळे, हात. उपासना विन्सच्या शेजारीच उभी होती. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. सरावात कधी शुद्ध गेली होती का?

"नाही," फिंटन म्हणाला.

"हो," उपासना म्हणाली.

तिचा हात माझ्यावर होता. "मंगळवारी. मी तिथे होते. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हतं. त्याआधीपासून तो विसरतोय. मी फिजिओ आहे, मी लिहून द्यायला तयार आहे."

विन्स तिच्या अंगावर धावून आला. तुला कुणी विचारलं, म्हणाला. पण त्याच्या ओरडण्याचे मला काहीच वाटले नाही. फिंटन ज्या नजरेने तिच्याकडे बघत होता, ती मला सोसेना. तो एवढेच म्हणाला, "संपवलंस तू मला." मग त्याने मला तिच्या हातातून हिसकावले आणि भिंतीवर फेकले. लढत रद्द झाली.

रात्र होण्याआधी स्कॅन झाले. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचत होते, हळूहळू, कित्येक दिवस. तातडीने शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, उद्या एक जरी ठोसा बसला असता तर आम्हाला काही करता आले नसते. फिंटन जगला. तो पुन्हा कधी लढणार नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने उपासनाला खोलीत येऊ दिले नाही. पुढे त्याची आई येऊन त्याला घेऊन गेली.

आणि उपासनाला काय मिळाले? क्लिनिकने तिला काढून टाकले. ग्राहक दुखावला, असे कारण दिले. ती आता नवऱ्याच्या व्हिसावर घरी आहे, काम करायची परवानगी नाही. ओळखीचे लोक भेटले की म्हणतात, अगं, तुला काय पडलं होतं? विन्सची जिम जोरात चालू आहे. तिथे नवा मुलगा आहे, नवा हेडगार्ड आहे, आणि विन्स बाहेरून तेच ओरडतो आहे. आता मला सांगा, मी रागावू नको तर काय करू?

भिंतीपाशी पडलेल्या मला उपासनानेच उचलले. मी त्यांच्या कोटांच्या कपाटात असतो. मला पुसा, तेल लावा, काचेच्या पेटीत ठेवा, असे मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. माझे काय, मी चामडे आहे. पण मित्रांनो, खेळताना डोक्याला लागले तर लगेच सांगा. प्रशिक्षक रागावो, संघ हरो, निवड हुको, सांगा. आणि जो सांगत नसेल, त्याच्यासाठी तुम्ही सांगा. तो तुमच्याशी बोलणे सोडेल. सोडू द्या.

गेल्या रविवारी उपासनाचा फोन वाजला. पलीकडे फिंटनची आई होती. उपासना गडबडली, तिने फोन स्पीकरवर टाकला.

"आभार मानायला मी आधीच फोन करायला हवा होता," ती बाई म्हणाली. "पण तो घरात असला की तुझं नाव काढता येत नाही. आताही इथेच बसलाय. बटाटे खातोय. जरा थांब, मी त्यालाच देते..."

खुर्ची जोरात सरकली. ताट आपटले. आणि फिंटनचा आवाज आला, खणखणीत, घर दणाणून सोडणारा. "मला तिच्याशी बोलायचं नाहीये! कधीच नाही!"

त्याची आई ओशाळली, पुन्हा पुन्हा माफी मागू लागली. उपासना फोन छातीशी धरून खाली बसली. ती रडत होती आणि हसतही होती.

"ऐकलंस, धम्मदीप?" ती म्हणाली. "केवढ्याने ओरडला तो!"