मोनाच्या हळदीत राहिलेलं नाव

मी सुयोगच्या लॅपटॉपमधला ढोलकीवाला बोलतोय. हसू नका. ढोलकी म्हटलं की चामडं आलं, शाई आली, दोऱ्या आल्या. माझ्याकडं त्यातलं काहीच नाही. मी नुसतं सॉफ्टवेअर. पडद्यावर चौकोन आखलेले. चौकोन भरला की तिथं थाप वाजते. वाजवणारा माणूस लागत नाही, याचा मला केवढा तोरा होता! आता त्याचीच लाज वाटते.

सणसरला सुयोगच्या घरामागच्या खोलीत माझा मुक्काम. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, तरी उसाचा ट्रॅक्टर गेला की रेकॉर्डिंग थांबवावंच लागतं. सुयोग हळदीची गाणी करून देतो, त्याची बायको संजीवनी गाते. गावात ढोलकीला सोपानतात्या होते. पण म्हाताऱ्याला सारखं कोण बोलवणार, म्हणून सुयोगनं मला आणलं. माझी मूळची थाप म्हणजे तेलाचा रिकामा डबा बडवावा तशी. मग त्यानं तात्यांना एकदाच बोलावलं, त्यांच्या थापा रेकॉर्ड करून माझ्यात भरायला.

"तात्या, एकेक थाप सुटी द्या."

"सुटी? आरं, येका थापंला दुसरी लागती. सुटी कशी द्यू?"

पण दिल्या बिचाऱ्यांनी. सत्तेचाळीस थापा. जाताना दारात थांबून म्हणाले, "मग गानं कवा वाजवायचं?"

"कळवतो की," सुयोग म्हणाला.

कुठलं कळवतोय! त्याच सत्तेचाळीस थापांवर मी दोन वर्षं बारामतीपासून भिगवणपर्यंतच्या हळदी वाजवल्या. तात्यांना सुपारी यायची बंद झाली. लोक म्हणायचे, ढोलकी काय गोड वाजतीय! आणि मी ते निर्लज्जासारखं ऐकून घ्यायचो.

मग तात्यांच्याच नातीची, मोनाची हळद आली. तिचे वडील संदेश, म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा, तीन वर्षांपूर्वी वारले. नवरीच्या आजोबाला वाजवायला कसं सांगायचं? त्यांना फेटा बांधून पुढं खुर्चीत बसवायचं, असं भावकीनं ठरवलं. मानच तो. सुपारी दिली सुयोगला.

मांडवात मला टेबलावर मांडलं, तेव्हा तात्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, संजीवनीजवळ आल्या. "दोन दिस झालं ह्ये ढोलकीच्या दोऱ्या वढत बसल्यात. कुनीतरी इचारंल म्हून."

"काकी, आजच्या दिवशी त्यांना कष्ट कशाला?" सुयोगच मधे बोलला. मला तर बरंच वाटलं. काय म्हणावं मला!

आमच्याकडं हळद लावताना गाण्यात नवरीच्या माणसांची नावं घेतात. सुयोगनं प्रत्येक नावाला चार मात्रा ठेवल्या होत्या. मामाचं नाव झालं, चुलत्याचं झालं. वडलांच्या नावाला मोना हुंदका देऊन रडली आणि गाता गाता संजीवनीही रडली. ती दम घ्यायला थांबली. चार मात्रा सरल्या. मी पुढं गेलो, दणक्यात, तात्यांच्याच थापांनी. संदेशचं नाव राहून गेलं.

तात्या उठले. "पोराचं नाव राहिलं."

सुयोगनं मला बंद केलं. "तात्या, परत लावतो. जागा वाढवतो."

"ह्यो हात माझाच हाय, वळखला म्या. पर गानारी बाई रडत आसताना माझा हात असा म्होरं गेला नसता."

एवढं बोलून ते आत गेले. आता ढोलकी घेऊन येतील, म्हणून बायका हळदीचे हात तसेच धरून थांबल्या. तात्या आले नाहीत. शेवटी सुयोगनं आठ मात्रा केल्या, मी पुन्हा वाजलो, संजीवनीनं नाव बरोबर घेतलं. पुढची खुर्ची रिकामीच होती. मुलाचं नाव बापानं ऐकलं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सुयोग त्यांच्या घरी गेला. आल्यावर संजीवनीला सांगत होता, "तात्या म्हणाले, आता मला कशाला बोलिवतो? हाय की मी तुझ्याकडं."

आता भिगवणच्या हळदीचं गाणं चाललंय. सुयोग चौकोन भरतो, मी वाजतो. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. घरात हळद ठरली, तर मला बोलवायच्या आधी तात्यांच्या दारात जा. फेटा नका नेऊ. वाजवाल का, एवढं विचारा.