माग थांबवणारा मंत्र

केसरीनाथची एक खोड त्याच्या आईच्या, पुतळाबाईच्या डोक्यात जायची. चूक स्वतः करायची आणि नाव दुसऱ्याचं सांगायचं. लहानपणी दुधाचं पातेलं लवंडलं की मांजर पुढं करायचा. आता दोन पोरांचा बाप झाला, कोन गावच्या शेडमधले सगळे यंत्रमाग त्याच्या हुकमात, आणि काल नामाचा डोळा फुटला तर म्हणतो काय, "आय, मागात भूत शिरलाय!"

भूत! चालत्या मागातून आडवा धागा नेणारा धोटा सुटला, लोखंडी टोकाचा, आणि शेजारच्या मागावर वाकलेल्या नामाच्या डोळ्यात घुसला. पुतळाबाईनं स्वतःच्या पदरानं तो डोळा दाबून धरला होता. पदरात रक्ताबरोबर आणखी काय आलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आणि आज शेडमध्ये जत्रा. अर्धं गाव दारात लोटलेलं. खारबावच्या दौलत भगताला केसरीनाथनं स्कूटरवर बसवून आणलं होतं. तोच माग तेवढा खडखडत होता आणि त्यावर काम करणारा रामनाथ, गोरखपूरकडचा विणकर, खांबाला पट्ट्यानं करकचून बांधलेला होता.

त्याचा गुन्हा एवढाच. मागं एकदा तो केसरीनाथला म्हणाला होता, "सेठ, धोटे के आगे का डंडा वापस लगवा दो. नहीं तो किसी की आँख जाएगी." मागापुढचा तो लोखंडी दांडा उडता धोटा अडवतो. पण तुटलेला धागा जोडताना आड येतो, वेळ जातो, कापड कमी निघतं. म्हणून केसरीनाथनं सगळे दांडे काढून भंगारात टाकले होते. रामनाथवर तो हसला होता, "डरता है? चूड़ियाँ पहन ले!" सगळी शेड खदखदली. त्यानंतर दांड्याचं नाव कुणी काढलं नाही. बांगड्या कोण भरून घेणार?

आता भगत त्यालाच धरून नाचत होता. "आँख जाएगी, हे याला आधी कसं कळलं? कोण बोललं याच्या तोंडून? बोलो भाई, कौन बोला?"

"भूत!" गर्दी ओरडली.

"देखो फिर भूत का खेल!"

त्यानं माग बंद करायला लावून त्यावर लाल कापड पसरलं, त्याखाली हात घालून शुद्धी केली, झोळीतली मंतरलेली धाग्याची कांडी धोट्यात भरली. माग सुरू झाला. भगत लांब उभा राहून घुमू लागला. "ह्रीं फट्, कडकड फट्, खाडीची राणी, मसणाचं पाणी, रुक जा, रुक जा..." आणि खाडकन माग थांबला! कुणाचा हात नाही, बोट नाही. बायांनी कानशिलावर बोटं मोडली. केसरीनाथनं हात जोडले.

"आता ते भूत याच्यात गेलं," म्हणत भगतानं रामनाथच्या तोंडावर साखळी हाणली. "बोल, कौन है तू?"

"रामनाथ हूँ, बाबा!"

उत्तर चुकलं. पुन्हा साखळी. दात पडला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. तिकडं स्टोव्हवर सळई लाल होत होती.

"याची जीभ डागली की सुटेल," भगत म्हणाला. दोघांनी रामनाथचा जबडा धरला.

पुतळाबाईचं लक्ष मागाकडं होतं. नवऱ्यानं पहिला माग घातला तेव्हा घरी बसून कांड्या तिनंच भरल्या होत्या. तिनं धोटा उचलला. आतली कांडी नागडी. एक धागा नाही. तिनं लाल कापड ओढलं. खालच्या लोखंडी काट्याला केसरीनाथनं बांधलेली तार तोडलेली होती, टोकं नवी चकचकीत.

"भगता, सळई खाली ठेव. माझ्यासमोर एकदा थांबव भूत."

तिनं धाग्यानं तुडुंब भरलेली कांडी धोट्यात घातली आणि हँडल ओढलं. भगत घुमला. माग चालू. पुन्हा घुमला. राणी झाली, पाणी झालं, रुक जा म्हणून घसा बसला. माग खडखडतोच.

"का रं? भूत जेवायला गेला काय?"

"बाईचा विटाळ लागला!" भगत किंचाळला.

"बरं. आता माझा मंत्र ऐक." तिनं माग थांबवला, संपत आलेली कांडी सगळ्यांना दाखवून आत घातली आणि माग चालू करून लांब जाऊन उभी राहिली. "बोंबील, मांदेली, निवटी, खरबी, कोलंबी, चिंबोरी..."

खाडकन माग थांबला.

शेडमध्ये कुणी हसलं, मग सगळेच हसले.

"हा काटा धागा चाचपतो," ती मागाजवळ येऊन म्हणाली. "धागा संपला की माग बंद पाडतो. मागाबरोबरच आलाय तो. माझ्या लेकाला थांबलेला माग बघवत न्हाय, म्हणून त्यानं तो तारेनं बांधला. ती तार भगतानं कापडाखाली तोडली आणि कांडी घातली संपत आलेली. तुम्ही आपोआप थांबलेला माग कधी बघितलाच न्हाय, म्हणून देव दिसला. माग थांबेपर्यंत भगत बडबडतो आणि तुम्हाला वाटतं बडबडीनं थांबला!"

भगतानं स्टोव्हवरची लाल सळई उचलून तिच्यावर घातली. दंडावरचं कातडं चरचरलं. ती मागं सरली नाही. मागातला धोटा उपसून तिनं त्याच्या मनगटावर असा हाणला की हाड वाजलेलं दारापर्यंत ऐकू गेलं. गर्दी आता भगतावर धावली, मघाशी रामनाथवर उठली होती तशीच.

"हात लावू नका! पोलिसात न्या. हितं मेला तर उद्या त्याचंच देऊळ बांधाल."

तिनं रामनाथचा पट्टा सोडला. केसरीनाथ जवळ आला. "आय, मला काय ठाव? भगतानं फसवलं मला."

पुतळाबाईनं जळका दंड धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भगतानं तुला आज फसवलं. दांडे तू कवाच काढलेस. नामाचा डोळा भुतानं न्हाय नेला, केसरी, तू नेलास. ज्यानं वेळेवर सांगितलं त्याला तू बाई ठरवलंस, मग भूत ठरवलंस, पण त्याचं ऐकलं न्हायस. दांडे लागेपर्यंत एक माग हलणार न्हाय. आणि लागल्यावर चालवायचे कसे ते रामनाथ सांगेल. तू मालक न्हायस आता. तू पहिला त्याच्याकडून शीक."