भोंग्यावर तपासलेली गिटार

शाळेच्या कार्यकारी मंडळाला संगीतातलं काय कळतं हे सांगायला फार जागा लागत नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं. काही कळत नाही. पण बेस गिटार कोणती ठेवायची हे ठरवणार होतं मंडळ, आणि ती वाजवणार होती सिद्धेश्वरी. सगळा घोळ तिथंच होता.

झालं होतं असं, की संस्थेच्या दोन शाळा. एक सोलापुरात, दुसरी सांगोल्यात. जर्मनीत नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला अचानक शाळेची आठवण आली आणि त्याने दोन बेस गिटारी पाठवून दिल्या. सोबत पत्र होतं. दोन्ही उत्तम आहेत, दोन्ही मी स्वतः वाजवून घेतल्यात, दोन्ही शाळांनी एकेक ठेवावी. इतकं साधं पत्र. पण मंडळाने त्यावर बैठक भरवली आणि असा ठराव केला की सोलापूरची शाळा थोरली, तेव्हा पहिली निवड आपली. उरेल ती सांगोल्याला. शनिवारी दुपारी सांगोल्याची जीप येणार होती, तोवर काय ते ठरवायचं.

एक गिटार काळी होती, तुळतुळीत, सडपातळ मानेची. तिच्या पाठीत छोटा सेल बसायचा आणि आवाज कसा, कोऱ्या वहीवर बॉलपेनने लिहावं तसा स्वच्छ. दुसरी तपकिरी, जुन्या घडणीची, रुंद मानेची. तिला सेलबिल काही नाही. आवाज खोल आणि गोड, काकवीसारखा सावकाश उतरणारा.

सिद्धेश्वरी नववी 'ब'मधली. रोज कुंभारीहून बसने यायची. मागच्या वर्षीपर्यंत तिला नाव विचारलं तर ती ते बाकाला सांगायची, विचारणाऱ्याला नाही. मग स्नेहसंमेलनात बँडचा एक मुलगा ऐन वेळी तापाने आडवा झाला आणि ही काकाची जुनी बेस गिटार घेऊन स्टेजवर उभी राहिली. चार गाणी वाजवली. त्या दिवशी तिची मान जी वर झाली ती पुन्हा खाली आली नाही. आता ती वर्गात प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर तेच पुन्हा विचारायची. शिक्षकांना जुनी सिद्धेश्वरी जास्त आवडायची हे तिला ठाऊक होतं. तिला फरक पडत नव्हता.

जानेवारीत आंतरशालेय स्पर्धा होती. मंडळ ठेवेल तीच गिटार घेऊन तिला तिथे उभं राहायचं होतं, आणि शाळा सुटेपर्यंत तीच वाजवायची होती. म्हणून ती दोन दिवस संगीताच्या खोलीत हेडफोन लावून बसली, दोन्ही गिटारी आलटून पालटून वाजवल्या, आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांना निकाल सांगून टाकला. तपकिरी. विषय संपला.

विषय संपला असं तिला वाटलं. शुक्रवारी प्रार्थनेनंतर मंडळ स्वतः गिटारी तपासायला मैदानात आलं. मध्ये खुर्चीवर अध्यक्ष प्रभुलिंग अण्णा, ज्यांचं मंद्रूपला पेंडीचं मोठं दुकान आहे. उजवीकडे पीटीचे सयाजी सर, ज्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट दमसास वाढवला की सुटते. डावीकडे संगीताच्या वैजयंती मॅडम. त्या पेटी फार छान वाजवतात हे खरं आहे, पण सगळ्यात शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत व्हायची त्यांना सवय.

आणि तपासणी कशावर? तर शाळेच्या गच्चीवरच्या भोंग्यावर. प्रार्थनेच्या, सूचनांच्या, पंधरा ऑगस्टच्या भोंग्यावर. सयाजी सरांनी माईकची पिन उपटली, तिथे गिटारची खुपसली आणि हात झटकले.

सिद्धेश्वरीने सांगून पाहिलं, की सर, भोंग्यातून खालचे सूर येतच नाहीत. सर म्हणाले, रोज प्रार्थना येते, राष्ट्रगीत येतं, त्यांची स्वतःची शिट्टी विजापूर रोडपर्यंत जाते, मग हिचाच आवाज तेवढा कसा येणार नाही? याला उत्तर होतं, पण ते ऐकायला समोर कोणीतरी लागतं.

बेस गिटारचं सगळं घरदार खालच्या सुरांत. ती भोंग्यावर तपासायची म्हणजे आमटीत मीठ आहे का ते पातेल्याला बाहेरून हात लावून बघायचं. तपकिरी वाजली तेव्हा वरून नुसतं टुक टुक आलं, कोंबडीने पत्र्यावर चोच मारावी तसं. आठवीची पोरं हसली. काळी वाजली तेव्हा निदान टणटण तरी आलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गिटार ऐकायला चष्मा कशाला लागतो ते त्यांनाच माहीत.

"ही काळी बोलतीया," ते म्हणाले. "ती तपकिरी मुकी हाय."

सयाजी सर म्हणाले, बरोबर. वैजयंती मॅडम म्हणाल्या, काळीत सूर आहे. चार मिनिटांत निकाल. शाळेच्या पाण्याच्या टाकीचं झाकण निवडायला ह्याच मंडळाला दोन बैठका लागल्या होत्या.

मुलं वर्गात गेली. सिद्धेश्वरी गेली नाही. ती सरळ अण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, तुम्ही तपकिरी ऐकलीच नाही. भोंग्याने ती तुमच्यापर्यंत येऊच दिली नाही."

"पोरी, वाजवणार तू. पण ऐकणार कोण? आमीच की."

"मग नीट ऐका की. मोठ्या स्पीकरवर. उद्या, गाडी यायच्या आधी."

सयाजी सरांनी घसा खाकरला, म्हणजे आता शिस्तीवर काहीतरी येणार होतं. पण अण्णांनी हात वर केला. शनिवारी बैठक होतीच, चहा होताच. चहा पिता पिता पंधरा मिनिटं ऐकू म्हणाले. स्पीकर मात्र तिने आणायचे.

स्पीकरची काळजी नव्हती. तिचा काका चन्नवीर एके काळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडला, वाजवणारे पांगले, आणि काकाने लग्नाकार्याला साउंड लावायचा धंदा सुरू केला. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि काम करताना दोन्ही बंद असा तो माणूस. तिने घरी जाऊन मंडळाची नक्कल करून दाखवली, अण्णांच्या चष्म्यासकट. काकाने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, की गाण्यात दुसरं काय काय वाजतंय. ऑक्टोपॅड, कीबोर्ड, एक साधी गिटार, ती म्हणाली. काकाने मान हलवली.

शनिवारी सकाळी छोट्या टेंपोतून वरच्या सुरांचे दोन टॉप स्पीकर आणि दोन बेसचे कपाटाएवढे डबे शाळेच्या सभागृहात उतरले.

"साकेनु, यव्वा? पुरंल नव्हं?" काकाने विचारलं.

पुरणार होतं. ह्या डब्यांवर आख्ख्या गल्लीची वरात नाचते.

मंडळ चहासह स्थानापन्न झालं. सिद्धेश्वरीने तपकिरी गळ्यात अडकवली आणि सगळ्यात जाड तार सोडली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. अण्णांचा कप बशीत आपला आपण अर्धं बोट सरकला. अण्णा कपाकडे बघत राहिले, मग छातीवर हात ठेवून बघितला, मग झोक्यावर बसवलेल्या लहान पोरासारखे हसले.

"हे लई दांडगं हाय की."

झालं. सयाजी सर म्हणाले की त्यांना कालपासूनच शंका होती, काळीला सेल लागतो म्हणजे ती मूळचीच अशक्त. वैजयंती मॅडम म्हणाल्या, तपकिरीत गांभीर्य आहे. काल जिला मुकी म्हटलं तिची आज आरती ओवाळायची तेवढी राहिली होती. सिद्धेश्वरीने अत्यंत नम्र चेहरा केला. असा चेहरा करायला फार ताकद लागते. आतून ती नाचत होती.

"आता त्या पोरासंगं वाजव," काका मिक्सरवरून म्हणाला.

पोरगा म्हणजे उदयसिंह, तिच्याच वर्गातला. ऑक्टोपॅडवर तो काठ्या घेऊन असा तुटून पडतो जणू त्याचं आणि त्या यंत्राचं जुनं वैर आहे. त्याने स्पर्धेच्या गाण्याचा ठेका धरला, कीबोर्ड आणि गिटार आत आले, आणि तिनेही सुरुवात केली.

आणि ती नाहीशी झाली.

ऑक्टोपॅडचा धम आणि तपकिरीचा घुम एकाच जागी पडत होते. एकटीने वाजवताना जी काकवी होती तिचा चार जणांत चिखल झाला. तिने बोटांचा जोर वाढवला. चिखल वाढला. खालच्या तारेवरून वरच्या तारेवर जाण्याची जी जागा तिने आठवडाभर घोटली होती, ती जागा ती वाजवत होती आणि तिला स्वतःलाच ऐकू येत नव्हती. मग तिने एक गोष्ट केली. दोन आवर्तनं बोटं तारांवरून उचलून नुसती हवेत फिरवली. सभागृहात कोणाला कळलं नाही. अण्णा मान डोलवतच होते. सयाजी सर पायाने ठेका देत होते, चुकीचा. वैजयंती मॅडमचे डोळे मिटलेले होते. फक्त काकाने मिक्सरवरून एकदा वर बघितलं.

गाणं संपल्यावर तिने गिटार बदलली. तेच गाणं, तोच ठेका, काळी. आता धम वेगळा आणि सूर वेगळा. तिची एकेक जागा रांगेत उभी राहून हजेरी देत होती. तिने पुन्हा दोन आवर्तनं बोटं उचलली, आणि गाण्याला भलंमोठं भोक पडलं. उदयसिंहने ठेका न सोडता चमकून तिच्याकडे बघितलं, कुठे गेलीस बे, असं.

म्हणजे काळी.

म्हणजे, काल ज्यांना ती दिवसभर हसली, ज्यांची घरी नक्कल केली, ते म्हणत होते तीच. आणि तिने काय केलं होतं? दोन दिवस हेडफोनने कान झाकून एकटीने वाजवली आणि चार जणांत वाजवायची गिटार ठरवून टाकली. भोंगा निदान गच्चीवर होता. तिने तर स्वतःचा डोक्याला बांधून घेतला होता.

अण्णांनी रिकामा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, की पोरीचं म्हणणं खरं निघालं, तपकिरी ठेवायची, काळी सांगोल्याला. कडेला ठराव लिहायला बसलेल्या सचिवांनी पेन उघडलं. उदयसिंह तिच्या कानाशी आला.

"काय झालं तोंडाला? जिंकलीस ना. गप बस की."

गप बसणं सोपं होतं. ती गप बसली असती तर मंडळाच्या लेखी ती कायमची हुशार ठरली असती, आणि जानेवारीत स्टेजवर हवेत बोटं फिरवून आली असती. आणि हे कोणालाच कळलं नसतं.

"अण्णा, काळी ठेवायची," ती म्हणाली. "माझं चुकलं."

सचिवांनी पेन थांबवलं. मग अण्णांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते बघायला तिला नववीतलं सगळं धैर्य खर्च करावं लागलं.

"म्हंजे काल आमी म्हणलेलं तेच?"

"तेच. पण तुम्ही म्हणालात त्याच्यामुळे नाही. ऑक्टोपॅडचा आवाज आणि तपकिरीचा आवाज एकाच—"

पुढचं कोणी ऐकलं नाही. सयाजी सर सचिवांना सांगत होते की खेळाडू पारखणाऱ्याला सगळंच पारखता येतं. वैजयंती मॅडम म्हणाल्या, काळीत सूर आहे हे त्यांनी कालच म्हटलं होतं, आणि ह्या वेळी ते खरंच होतं. अण्णांनी ठरावात लिहायला लावलं की मंडळाने अनुभवी कानांनी कसून तपासणी करून एकमताने निवड केली. गणित पहिल्या ओळीपासून चुकलेलं, उत्तर तेवढं बरोबर, आणि पैकीच्या पैकी मार्क. गणिताच्या सरांनी असा पेपर तिच्या तोंडावर फेकला असता.

केबल गुंडाळताना तिने काकाला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. ऑक्टोपॅड म्हणालीस तवापासून, काका म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"ऐकली असतीस?"

तिने केबलला आणखी दोन वेढे दिले.

दोनच्या सुमारास सांगोल्याची जीप आली. ड्रायव्हरने विचारलं, हीच ना ती नापास झालेली? त्याला असं कोणी सांगितलं असेल हे विचारायची गरज नव्हती. सिद्धेश्वरीने त्याला थांबवलं, वहीचं पान फाडलं, गिटारच्या पेटीच्या झाकणावर ठेवून लिहिलं आणि तपकिरीच्या तारांखाली खोचलं.

"ही जी कोण वाजवणार असेल तिला किंवा त्याला. ही नापास नाही. हिला ऑक्टोपॅडजवळ नेऊ नकोस, ती बुडते. तबला आणि पेटीबरोबर वाजव, मग बघ. तार सोडल्यावर तिला घाई करू नकोस. एकटीने ऐकून काही ठरवू नकोस, मी ठरवलं होतं. तुमच्याकडे मंडळ असेल तर त्यांना चहा द्यायचा आणि कप भरलेला असेल तोवरच वाजवून घ्यायचं. सिद्धेश्वरी, नववी ब."