लगेच बसणारा खांदा

प्रांजलचा खांदा निखळला की लगेच बसतो, हे मच्छिंद्रच्या घरात कौतुकानं सांगितलं जाई. शिरूरला कबड्डीच्या चढाईत तिचा हात मागं ओढला गेला, की तालमीचे वस्ताद रोहिदासमामा खांदा बसवत, तेल चोळत आणि तिला पुन्हा मैदानात धाडत. लोक टाळ्या वाजवत. "दुसऱ्याचा बसवताना घाम निघतो. हिचा आपला दार ढकलल्यावानी," असं मामा म्हणत, तेव्हा मच्छिंद्रची मान ताठ होई.

दौंडला निवड चाचणी होती. डॉक्टरी तपासणीशिवाय कुणाला खेळू देत नव्हते, म्हणून बापलेक सकाळीच हाडांच्या डॉक्टर गौतमीबाईंकडे गेले. शिक्का घ्यायचा आणि निघायचं, एवढंच मच्छिंद्रच्या डोक्यात होतं.

बाईंनी प्रांजलचा हात बाजूला उचलला आणि कोपरात दुमडून हळूच मागं वळवला. पोरगी पांढरीफटक पडली.

"दुखलं?"

"न्हाई. आता निसटंल असं वाटतं."

"पण लगेच बसतो की तो," मच्छिंद्र म्हणाला.

"दादा, तेच तर वाईट आहे." बाईंनी मूठ तळहातावर ठेवली. "खांद्याची वाटी बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाच्या गोळ्याला थोपवायला तिच्या कडेनं कूर्चेचा बांध असतो. हिचा बांध फाटलेला दिसतोय. म्हणून सहज जातो आणि सहज येतो. दर वेळी आणखी झिजतो." मग त्या प्रांजलकडे वळल्या. "घोटाही मुरगळतो का गं?"

प्रांजलनं खाली बघितलं. "शेतात चालताना. कवाकवा."

"तिथं हाड खोबणीत असतं, पण बाहेरचे बंध ताणले गेले की पाय आत वळतो. तुझं अंग मुळात सैल आहे, बाळ."

मच्छिंद्रला घोट्याचं काहीच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मोबाईल वाजला. मैदानावरून मामांचा फोन होता. तो फोन कानाला लावतोय तोवर प्रांजलनं खुंटीवरची बॅग काढायला हात वर केला. खट्ट आवाज झाला. खांद्याची गोलाई गेली, तिथं खळगा पडला. मच्छिंद्र उठेपर्यंत तिनं डाव्या हातानं कोपर धरलं, अंग थोडं वाकवलं आणि खांदा जागेवर आणला. कुडत्याचं बटण लावावं तसा.

मच्छिंद्रनं विचारलं, "कवापास्नं?"

"आता शिंकले तरी निघतो, आण्णा. सांगितलं असतं तर खेळ बंद केला असता तुम्ही."

फोनमध्ये मामा बोलतच होते. "आण रं लवकर. निखळला तर मी हाय की."

"तुम्ही हाय म्हणूनच न्हाई आणत, मामा," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

प्रांजल भिंतीकडे तोंड करून रडू लागली. तिला जवळ घ्यायला त्याचा हात पुढं गेला आणि मध्येच थांबला. पोरीला धरावं कुठं, हेच त्याला कळेना.