या घरात अन्न आहे

विमलबाईच्या पोरीचा फोटो पेपरात आला, आणि खाली काय छापलं? ‘बोंडअळीने हिरावला लेकीचा घास.’ देऊळघाटच्या हॉटेलांत तो पेपर चहासोबत हातोहात फिरला. विमलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, घरात दोन कणग्या ज्वारी, डबाभर तुरीची डाळ, गोठ्यात दुभती म्हैस, आणि घास हिरावला म्हणे!

बीटी कपाशीला अळी लागतच नाही, असं बियाणंवाला छातीठोक सांगत होता, आणि त्या साली अळीनं गावभरची बोंडं आतून पोखरली, ही गोष्ट खरी. मग पंचनामेवाले, पेपरवाले, पुढारी, सगळ्यांची रीघ लागली. त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे होतं. विमलबाईचा दीर पंजाबराव पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणारा. त्यानं सतरा वर्षांच्या पुतणीकडे, पूनमकडे बोट दाखवलं. हाडांचा सापळा झालेली पोर, फोटोला आणखी काय हवं?

पण पूनमचं जेवण सुटलं होतं अळीच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यात. कॉलेजात कुणीतरी ‘भोपळा’ म्हणालं, तेव्हापासून ती अर्ध्या भाकरीवर आली, मग चतकोरावर. पुढेपुढे दोन घासांतच म्हणायची, “माय, पोट फुगलं.” नाटकं, असं सगळे म्हणाले. विमलबाईही म्हणाली. एकदा तर रागाच्या भरात तिनं पोरीचा जबडा धरून भाकरीचा काला तोंडात कोंबला होता.

शेवटी पोर न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला बुलडाण्याला डॉक्टर अदीबाकडे नेलं. अदीबा देऊळघाटचीच, गावच्या बोलीत बोलणारी.

“काकू, हे नाटक नाही. बिमारी हाय,” ती म्हणाली. “आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राह्यतात, इरजणात असतात ना, तसे. ते अन्न पचवतात. भूक लागली, पोट भरलं, हे मेंदूले कळवण्यात त्याइचाबी हात हाय. पोट्टी उपाशी राह्यली की त्याइचीबी घडी मोडते, अन् मंग दोन घासांतच पोट तट्ट होऊ शकते. सगळं त्याइच्याच पायी होते असं नाही, शोध चालू हाय अजून. मनाची बिमारी तं हायच, तिच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतो मी तुमाले. पण पोट फुगलं म्हणते, ते खोटं नाही.”

मग तिनं बजावलं. “पेज, पातळ वरण, ताक. चमच्याचमच्यानं. वजन पाहून मी वाढवत जाईन. एवढ्या उपाशी पोटात एकदम गोडधोड कोंबलं तं जीवावर बेतन. अन् चार माणसांत बसवून तं मुळीच खाऊ घालू नका.”

त्याला पंधरा दिवस झाले. पूनम तीन चमच्यांवरून सातावर आली होती. आणि तो फोटो छापून आल्याच्या तिसऱ्या दिवशी दारात जीप थांबली.

दादासाहेब उतरले. हे तालुक्याचे पुढारी. सोबत चार कार्यकर्ते, एक फोटोवाला आणि ताटभर बुंदीचे लाडू. उपाशी लेकीला पहिला घास म्हणे दादासाहेबांच्या हातून! पंजाबरावानं पूनमला दंडाला धरून अंगणातल्या खुर्चीत बसवलं. तिचा बाप निवृत्ती हात जोडून उभा. मोठी माणसं दारात आली की या माणसाची वाचाच बसायची.

“खा बेटा, लाजू नको,” म्हणत दादासाहेबांनी लाडू पुढे केला. पूनमनं ओठ घट्ट मिटून मान फिरवली. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं तिची हनुवटी धरली आणि तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं.

विमलबाईचं डोकं सटकलं. तिनं ताट असं भिरकावलं की बुंदी अंगणभर झाली.

“हात काढ!”

“वहिनी!” पंजाबराव ओरडला. “पागल झाल्या का तुमी? साहेब हायत ते!”

“असन साहेब! भाऊजी, तुमाले काही लाज? पुतणी हाय तुमची, वावरातलं बुजगावणं नाही!” तिनं फोटोवाल्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच सैपाकघरात नेलं. धडाधड झाकणं काढली. “काढ फोटो! हे ज्वारी. हे डाळ. हे ताक. अन् उद्या छाप, या घरात अन्न हाय. पोट्टी बिमार हाय, बिमार! अळी दाखवायची तं वावरात जा, कपाशी उभी हाय सडत. माह्या पोट्टीचे फोटो काऊन काढता?”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. एकही फोटो निघाला नाही. जीप गेली, मागोमाग पंजाबरावही पाय आपटत गेला. निवृत्तीनं खराटा घेतला आणि अंगणातली बुंदी झाडू लागला.

विमलबाई पेजेची वाटी घेऊन पूनमजवळ बसली. “मेले हलकट! खुशाल तोंड धरतात पोट्टीचं! कोणं हक्क देला याइले?”

पूनम वाटीकडे बघत होती. हळूच म्हणाली, “माय, तूबी धरलं होतं.”

विमलबाईनं वाटी खाली टेकवली.

“हाव,” ती म्हणाली. “धरलं होतं. चुकलं माहं.”

चमचा तिनं पोरीच्या तोंडाकडे नेला नाही, तिच्या हातात दिला. पूनम सावकाश खाऊ लागली. सहा चमचे झाले आणि तिनं वाटी सरकवली.

“पोट फुगलं, माय.”

काल सात झाले होते. एकच घे, एवढंच विमलबाईच्या ओठांवर आलं होतं. तिनं वाटीवर झाकण ठेवलं.

“फुगलं असन,” ती म्हणाली. “खरं हाय तुहं.”